लसीच्या रांगेने शिकविलेला धडा

(टिटवाळा येथे संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेच्या चिटणीसांनी मला ‘शिक्षण आणि समाज’ या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि अशा मेळाव्यांतून त्यावर पुष्कळ बोलले गेले आहे. शिक्षण घ्या, मुलींना शाळेत पाठवा, समाज पुढे न्या, हे आपण दरवर्षी ऐकतो, टाळ्या वाजवितो आणि चहा घेऊन घरी जातो. म्हणून आज मी मोठ्या गोष्टी बाजूला ठेवतो आणि आपण सर्वांनी अनुभवलेली एकच गोष्ट बोलतो. ती म्हणजे २०२१ साली कोरोनाच्या लसीसाठी आपण काढलेली वाट. त्या वाट पाहण्यात मला शिक्षणाचा जो अर्थ कळला, तो नोकरीच्या सगळ्या वर्षांत फळ्यापुढे उभे राहून कळला नव्हता.

प्रथम घडले काय, ते थोडक्यात उजळून घेऊ. तेव्हा लहान असलेले विद्यार्थीही आज येथे बसले आहेत, त्यांच्यासाठी हे आवश्यक आहे. आपल्या देशात लसीकरणास १६ जानेवारी २०२१ रोजी प्रारंभ झाला. आधी डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांची पाळी आली. १ मार्चपासून ६० वर्षांवरील सर्व आणि ४५ वर्षांवरील आजारी माणसे, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व, आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व, असा क्रम ठरला. कागदावर हा क्रम अगदी न्याय्य होता. ज्याला धोका अधिक, त्याचा नंबर आधी. यात गरीब-श्रीमंत, हिंदू-मुसलमान, शहर-खेडे असा काही भेद नव्हता.

परंतु मित्रहो, क्रम ठरविणे वेगळे आणि त्या क्रमाप्रमाणे माणसाला लस मिळणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये जे अंतर होते, त्याच अंतरात आपली माणसे उभी होती.

एप्रिल-मे २०२१ चे टिटवाळा आठवा. त्या वर्षी रमजान १४ एप्रिलला सुरू झाला आणि साथही तेव्हाच भडकली. सामान्य प्रवाशाला लोकल बंद झाली. एरवी कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत स्टेशनाबाहेरच्या रिक्षा दिवस दिवस उभ्या राहिल्या. लसीकरण केंद्रावर मात्र पहाटेपासून गर्दी असे. कोणी डबा घेऊन येई, कोणी छत्री. उन्हात उभे राहवत नसे म्हणून म्हातारी माणसे आपल्या जागी चपला किंवा पाण्याची बाटली ठेवून भिंतीच्या सावलीला बसत. नऊ-दहा वाजता कोणीतरी बाहेर येऊन सांगे की आज अमुक इतकेच डोस आले आहेत. कधी कधी नुसता फलक लागे की आज लस उपलब्ध नाही. मग चपला उचलायच्या आणि घरी जायचे.

असे का होत असे, हेही आपण समजून घेतले पाहिजे, नाहीतर आपण उगीच त्या परिचारिकेवर चिडतो. लस पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कारखान्यातून निघे, राज्याच्या साठ्यात येई, तेथून जिल्ह्याला, मग महापालिकेला आणि शेवटी आपल्या केंद्राला. सारा प्रवास २ ते ८ अंश तापमान राखून करावयाचा. वर किती डोस मिळतील हे खालच्या माणसाला आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नसे. म्हणून दुसऱ्या दिवसाची सूचना रात्री उशिरा निघे. कोविशील्डच्या एका कुपीत १० डोस असत आणि कुपी एकदा उघडली की ती ४ तासांत संपवावी लागे. दिवसाच्या अखेरीस तीन-चारच माणसे उरली, तर नवी कुपी उघडायची की नाही, असा प्रश्न त्या सिस्टरपुढे उभा राही. तिने ‘उद्या या’ म्हटले की आपण रागावत होतो. तिचाही नाइलाज होता.

ही झाली उन्हातली रांग. दुसरी एक रांग होती, ती डोळ्यांना दिसत नव्हती. ती मोबाइलमध्ये होती.

१८ ते ४४ वर्षांच्या लोकांसाठी सरकारने ऑनलाइन नोंदणी सक्तीची केली. २८ एप्रिलला दुपारी ४ वाजता ती सुरू झाली. कोविन नावाच्या पोर्टलवर मोबाइल क्रमांक टाकायचा, त्यावर आलेला ओटीपी भरायचा, नाव, जन्मसाल आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा, मग आपला पिनकोड किंवा जिल्हा निवडून स्लॉट शोधायचा. स्लॉट दिसला आणि बोट लावेपर्यंत तो गेलेला असे. ज्याच्याकडे चांगला मोबाइल, वेगवान इंटरनेट आणि सराईत बोटे, त्याला स्लॉट मिळे. त्यातही तेव्हा पोर्टल इंग्रजीत होते. मराठी आणि इतर भारतीय भाषा त्यावर आल्या, तोवर पहिली गर्दी होऊन गेली होती.

सरकारी पाहणीचा एक आकडा सांगतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय आढळली होती. आता याच देशात लसीचे दार फक्त इंटरनेटवरून उघडते असे म्हटले, तर बाहेर कोण राहणार, हे सांगण्यास गणित लागत नाही. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात हा प्रश्न सरकारला विचारला. ज्यांच्यापाशी साधन नाही, त्यांना केवळ पोर्टलवर अवलंबून ठेवून सर्वांचे लसीकरण कसे होणार, असा त्याचा आशय होता. त्या सुमारास सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभा तरुणांनाही देण्यात आली.

आपल्या भागात याचे एक विचित्र दृश्य दिसले. मोठ्या शहरांतील लोकांना तेथे स्लॉट मिळेना, म्हणून ते ठाणे-पालघरच्या ग्रामीण केंद्रांचे स्लॉट घरबसल्या नोंदवू लागले आणि सकाळी मोटारीने तेथे पोहोचू लागले. केंद्र गावात, परंतु रांगेत गावचा माणूस नाही. त्या शहरवासीयांनी चोरी केली नव्हती, नियमाने नंबर लावला होता. पण केंद्राशेजारी राहणारी शेतकरीण दारात उभी राहून पाहत होती, आणि तिचे नाव यादीत नव्हते.

आता मी आपणांस माझी स्वतःची गोष्ट सांगणार आहे. ती सांगताना मला संकोच वाटतो. तरीही ती सांगितल्यावाचून माझे भाषण खरे होणार नाही.

आमच्या शेजारी एक खाला राहतात. नात्याने नव्हे, शेजाराने खाला. त्यांचे वय तेव्हा ६२ होते. शाळेत गेलेल्या नाहीत. मुलगा कुर्ल्याला शिवणकामाच्या कारखान्यात. त्या मार्चमध्ये सामान्य प्रवाशाला लोकलने जायचे तर पहाटे सातपूर्वी, दुपारी बारा ते चार किंवा रात्री नऊनंतर, अशा वेळा ठरवून दिल्या होत्या. कारखान्याच्या पाळीशी त्या जुळत नव्हत्या, म्हणून तो आठवडाभर कारखान्यातच झोपे. घरात मोबाइल एकच आणि तो त्याच्यापाशी.

मार्चच्या मध्यास माझ्या भाच्याने माझी आणि माझ्या पत्नीची नोंदणी केली आणि आम्ही पहिला डोस घेऊन आलो. ते कळल्यावर खाला आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘‘मास्तर, माझंपण नाव घाला ना.’’ भाच्याने ओटीपीसाठी नंबर विचारला. नंबर मुलाचा. ओटीपी कुर्ल्याला जाणार, खाला टिटवाळ्यात, आणि तो तीन मिनिटांत भरला नाही की पुन्हा पहिल्यापासून. मुलाला फोन लावला, तो मशीनवर होता, उचलला नाही. मी म्हणालो, ‘‘मुलगा रविवारी आला की या, बघू.’’ त्या पुन्हा आल्या, तेव्हा आमच्याकडे पाहुणे होते. मी म्हणालो, ‘‘पुढच्या आठवड्यात करू.’’

मित्रहो, आता नीट ऐका. तेव्हा एकाच मोबाइल क्रमांकावर ४ माणसांची नोंदणी करता येत होती. म्हणजे माझ्याच नंबरावर खालांचे नाव सहज बसले असते. शिवाय त्यांच्या वयाच्या माणसाला केंद्रावर आधार कार्ड घेऊन गेले तरी नोंदणी करता येत होती. मला या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. वर्तमानपत्रात आल्या होत्या, मी वाचल्या होत्या. खालांना ठाऊक नव्हत्या. माझी दहा मिनिटे किंवा एक रिक्षाफेरी, एवढाच प्रश्न होता. मी नकार दिला नाही. मी फक्त ‘बघू’ म्हणालो.

एप्रिल उजाडला आणि साठा आटला. आता खाला स्वतःच केंद्रावर जाऊ लागल्या. रोजे सुरू झाले होते. सहरी करून, फजरची नमाज पढून त्या रांगेत उभ्या राहत. तीन दिवस गेल्या. दोन दिवस लस आली नाही, तिसऱ्या दिवशी त्यांच्या पुढे काही माणसे असताना संपली. एप्रिलच्या अखेरीस त्यांना ताप आला. पुढे ऑक्सिजनची गरज पडली. त्या दिवसांत खाट मिळविण्यासाठी त्यांच्या मुलाने काय धावपळ केली, ते सांगत नाही. आपल्यापैकी अनेकांनी तेच केले आहे आणि अनेकांची माणसे परत आली नाहीत. अल्लाहच्या कृपेने खाला वाचल्या. ईद त्यांनी दवाखान्यात काढली.

लस घेतली असती तर त्यांना आजार झालाच नसता, असे मी म्हणत नाही. पहिल्या डोसनंतरही माणसे आजारी पडत होती. पण लस घेतलेल्याचा आजार बळावण्याचा धोका कमी होता, हे तेव्हाही ठाऊक होते आणि आज अधिक खात्रीने ठाऊक आहे. तो आधार खालांना मार्चमध्ये मिळू शकत होता. तो त्यांना मिळाला नाही, आणि यात पुरवठ्याचा दोष नव्हता. मार्चमध्ये लस होती.

पुढचे ऐका. आजारातून उठलेल्या माणसाने तीन महिने थांबावे, असा नियम मे महिन्यात झाला. म्हणजे खालांचा पहिला डोस ऑगस्टच्या अखेरीस गेला. मुलाचे तर आणखी वेगळे. तो २४ वर्षांचा. १ मेपासून त्याचा वयोगट पात्र झाला. पण लस अपुरी पडल्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्राने १८ ते ४४ वयाचे लसीकरण थांबविले, कारण वडीलधाऱ्यांचे दुसरे डोस राहिले होते. २१ जूनपासून केंद्र सरकारने १८ वर्षांवरील सर्वांसाठी मोफत लस पुरविण्यास सुरुवात केली आणि गाडे पुन्हा हलले. त्याला पहिला डोस जुलैच्या १० तारखेच्या सुमारास मिळाला. १३ मे रोजी कोविशील्डच्या दोन डोसांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले होते. म्हणजे दुसऱ्या डोससाठी ८४ दिवस. ऑक्टोबर आला.

आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल कोणासाठी उघडली? ज्यांचे दोन्ही डोस होऊन १४ दिवस झाले आहेत, त्यांच्यासाठी. स्टेशनावर प्रमाणपत्र दाखवा, मग पास मिळेल. नियमात आरोग्याचा विचार होता, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण टिटवाळ्याच्या माणसाला लोकल म्हणजे पोटाची वाट आहे. विद्यार्थी मित्रांनो, हिशेब तुम्हीच करा. १० जुलैत ८४ दिवस मिळवा, त्यात १४ मिळवा. १६ ऑक्टोबर येतो. कारखाना पूर्ण वेळ सुरू झाला, मालकाने कामावर बोलाविले, आणि हा तरुण दोन महिने बस आणि रिक्षा बदलीत जात राहिला किंवा खाडे करीत राहिला. खाजगी रुग्णालयात त्याच कोविशील्डच्या डोसला जूनपासून जास्तीत जास्त ७८० रुपये असा दर ठरविला होता. ज्याला ते परवडले, त्याचे वाट पाहणे मे-जूनमध्येच संपले. ज्याला परवडले नाही, त्याने ७८० रुपयांहून कितीतरी अधिक बसभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत भरले.

खाला बऱ्या होऊन घरी आल्यावर मी त्यांना भेटावयास गेलो. काय बोलावे सुचत नव्हते. त्याच म्हणाल्या, ‘‘मास्तर, तुमचा नंबर आधी लागला ते बरं झालं. तुमच्या घरात सगळी सुखरूप आहेत ना?’’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आता काही जण म्हणतील की मास्तर, आपल्या समाजातील माणसेच लस घ्यावयास तयार नव्हती, त्याचे काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. भीती होती. मूल होणार नाही, अमुक होईल, तमुक होईल, असे निरोप मोबाइलवरून फिरत होते. सुई टोचल्याने रोजा तुटतो का, असे विचारले जात होते. दंडात टोचलेल्या लसीने रोजा तुटत नाही, असे अनेक मुफ्तींनी जाहीरपणे सांगितले, तेव्हा पुष्कळांची शंका फिटली. पण मी आपणांस दोन गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली ही की, ज्याला लस मिळत नव्हती आणि ज्याला लस नको होती, या दोन माणसांना एकाच तराजूत घालू नका. मे महिन्यात आपल्या वस्तीतील माणसे रांगेत उभी होती आणि लस नव्हती. पुढे ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ‘मिशन कवच कुंडल’ आणि नोव्हेंबरमध्ये केंद्राने ‘हर घर दस्तक’ ही मोहीम काढली. आशाताई दारोदार फिरू लागल्या, तेव्हा लस होती आणि काही घरांतून माणसे बाहेर येत नव्हती. मधल्या महिन्यांत काय झाले? तीन वेळा रिकाम्या हाताने परतलेला माणूस चौथ्या वेळी जात नाही. मग तो स्वतःची समजूत घालतो की बरे झाले, नाही घेतली. ती समजूत घालताना मोबाइलवरचा खोटा निरोप त्याच्या उपयोगी पडतो. भीतीचे मूळ नेहमीच अज्ञानात असते असे नाही. कधी कधी ते अपमानात असते.

दुसरी गोष्ट इतिहासातील. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याच नावाची संस्था आज परळला उभी आहे. लोक त्या लसीला फार भीत होते. तेव्हा तिसरे आगाखान, सर सुलतान महंमद शाह, जेमतेम १९ वर्षांचे होते. त्यांनी आपल्या लोकांच्या देखत लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. हजारो खोजा मुसलमानांनी त्यांच्या पाठोपाठ लस घेतली. त्याच काळात पुण्यात सरकारने सोजिरांकरवी घरांची सक्तीने झडती घेतली, त्याचा परिणाम काय झाला तोही आपण इतिहासात वाचतो. धाकाने माणूस दार लावून घेतो, विश्वासातल्या माणसाने आधी स्वतः करून दाखविले की तो दार उघडतो.

आणि शंका विचारणाऱ्याला हसू नका. लस टोचल्यावर अर्धा तास बसवून का ठेवीत होते? क्वचित कोणाला त्रास होतो म्हणूनच. लाखांत एखाद्याला गंभीर त्रासही होऊ शकतो. तो लपवू नये, त्याच्या शेजारी आजाराचा धोका मांडून दाखवावा. माणूस शहाणा असतो, त्याला दोन्ही बाजू कळल्या की तो योग्य तेच निवडतो.

असो. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने १०० कोटी डोसांचा टप्पा ओलांडला, आणि पुढे ही संख्या २२० कोटींच्या वर गेली. एवढ्या मोठ्या देशात हे काम झाले, त्याबद्दल शास्त्रज्ञ, परिचारिका, आशाताई आणि साध्या कर्मचाऱ्यांचे आभार मानलेच पाहिजेत. ती रांग आता संपली. मग मी ती आज का आठवून देत आहे?

कारण तशी रांग संपलेली नाही. तिचे नाव फक्त बदलते. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्यासाठी सेतू केंद्रांसमोर बायकांच्या रांगा लागल्या, त्या आपण पाहिल्या. आरटीईचा २५ टक्के प्रवेश ऑनलाइन, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती ऑनलाइन. प्रत्येक ठिकाणी तोच ओटीपी, तीच शेवटची तारीख आणि दाराशी उभी तीच खाला. ज्याच्या घरात वाचणारा आहे, त्याचा अर्ज पहिल्या दिवशी जातो. ज्याच्या घरात नाही, त्याला तारीख उलटून गेल्यावर कळते.

म्हणून माझ्या आपणांपाशी चार मागण्या आहेत. मोठ्या नाहीत, पैशाच्या तर नाहीतच.

एक. पालकांनो, घरातल्या प्रत्येकाच्या कागदपत्रांची एक वही करा आणि सर्वांचे नाव सर्वत्र एकसारखे लिहून घ्या. आपल्याकडे आधारवर मोहम्मद, शाळेच्या दाखल्यावर मो., रेशनकार्डावर महंमद, आणि शेख तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. लसीच्या प्रमाणपत्रावर नावात चूक राहिली म्हणून किती जणांना पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागल्या, ते आठवा. हे काम संकटाच्या दिवशी होत नाही, आधी करावे लागते.

दोन. घरातल्या बाईच्या नावावर आणि तिच्या हातात एक मोबाइल असू द्या, आणि तो वापरावयास तिला मुलीने शिकवावे. ज्या आईचा ओटीपी कुर्ल्याला जातो, ती स्वतःच्या घरात असूनही दुसऱ्यावर अवलंबून राहते.

तीन. लहान मुलांच्या लसीचे कार्ड आज घरी गेल्यावर काढून पाहा. साथीच्या काळात नेहमीच्या लसी मागे पडल्या, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. त्यात लहान मुले दगावली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. पुढे ५ ते ६ वर्षांचा डोस, आणि १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा. सरकारी केंद्रांत या लसी मोफत आहेत. २०२१ साली आपण ज्या सुईसाठी पहाटे चपला ठेवून बसलो, तशी सुई आज आपल्या बाळासाठी ठेवलेली असताना आपण जाऊ नये, याला काय म्हणावे?

चार. ही मागणी विद्यार्थ्यांना आहे, आणि खरे म्हणजे माझे सगळे भाषण याचसाठी आहे. नववीपासून पुढच्या प्रत्येक मुलामुलीने आपल्या गल्लीतील दोन घरे आपली मानावीत. ज्या घरात वाचणारा नाही, अशी दोन घरे. त्या घरचा कोणता अर्ज राहिला आहे, कोणती तारीख जवळ आली आहे, ते तुम्ही विचारावे. ती माणसे तुमच्याकडे येतील म्हणून थांबू नका. खाला माझ्याकडे दोनदा आल्या होत्या. तिसऱ्यांदा मी त्यांच्याकडे जावयास हवे होते. आणि जाल तेव्हा दोन गोष्टी पाळा. कोणाचा ओटीपी किंवा कागद स्वतःपाशी ठेवू नका, काम झाले की त्यांच्या देखत परत द्या. आणि ‘बघू’ म्हणू नका. होत असेल तर आजच करा, होत नसेल तर तसे स्पष्ट सांगा, म्हणजे ते दुसरी वाट शोधतील.

संस्थेने मनावर घेतले, तर दर रविवारी दोन तास शाळेच्या एका वर्गात टेबल टाकून हे काम करता येईल. मी त्या टेबलाशी बसावयास तयार आहे. माझी बोटे मोबाइलवर सावकाश चालतात, परंतु बसण्याची सवय मला आहे.

आपण आपल्या मुलांच्या गुणपत्रिका पाहतो आणि किती टक्के मिळाले ते विचारतो. हा प्रश्न योग्यच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारीत चला, की बेटा, तुझ्या शिकण्याने या महिन्यात कोणाचा नंबर लागला? ज्या दिवशी आपली मुले या प्रश्नाचे उत्तर देऊ लागतील, त्या दिवशी ‘शिक्षण आणि समाज’ या विषयावर भाषणाची गरज उरणार नाही.